वाद्याची लहरी जीभ



एखाद्या घरीं मुलगा क्लॅरिओनेट शिकूं लागला आहे. काल त्याचा सूर सरळ व गोड लागत होता. आज तेंच वाद्य चिरकतें. वडील म्हणतात, "सराव केला नसेल!" मुलगाहि मान खालीं घालतो. परंतु खरा अपराध त्याच्या ओंठांशीं असलेल्या एका लहानशा पट्टीचा असण्याचा पुष्कळ संभव असतो. वादक तिला रीड म्हणतात. आज तिचीच कैफियत आपणांपुढें मांडणार आहें.

क्लॅरिओनेट सुमारें १७०० सालीं न्युरेंबर्ग येथें डेन्नर याच्या हातून आकारास आलें. सॅक्सोफोनचें पेटंट अडोल्फ सॅक्स यानें १८४६ सालीं घेतलें. एक बहुधा लांकडाचें, दुसरें पितळेचें. परंतु दोहोंची जीभ एकच, आणि ती गवताची! बोरूसारखें दिसणारें हें उंच गवत, शास्त्रीय नांव अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांत त्याविषयीं प्रसिद्ध आहे. दोन वर्षें वाढलेले दांडे हिंवाळ्यांत तोडतात, उन्हांत वाळवितात, चिरतात आणि तासतात. शेवटीं पट्टीचें टोंक सुमारें एक दशांश मिलिमीटर जाड राहतें.

यंत्र प्रत्येक पट्टी एकाच मापाची कापतें. मग दहांच्या पेटींतून मनाजोग्या दोन-चारच कां निघाव्या? कारण माप एक असलें, तरी गवत एकसारखें नसतें. एका पट्टींत धागे दाट, दुसरींत विरळ; कधीं डावी कड कठीण तर उजवी मऊ. पेटीवरील अडीच, तीन हा आंकडा केवळ ताठपणा सांगतो. पट्टी बोलेल कशी, हें सांगत नाहीं. शिवाय एका कारखान्याचा तीन दुसऱ्याच्या तिनाशीं जुळेलच असें नाहीं. त्यांत हवेची भर! मुंबईच्या पावसाळ्यांत पट्टी सर्द होते. पुण्याच्या उन्हाळ्यांत तिचें टोंक सुकून लाटेसारखें वळतें.

उपाय साधे आहेत. नवी पट्टी ओली करून पहिले दिवशीं पांचच मिनिटें वाजवावी, पुढें हळूहळू वेळ वाढवावा. तीन-चार पट्ट्यांवर पेन्सिलीनें खुणा करून त्या आळीपाळीनें वापराव्या. वाजवून झाल्यावर पुसून सपाट कांचेवर ठेवाव्या. अलीकडे कृत्रिम पदार्थांच्या पट्ट्याहि मिळतात. त्या हवेला फारशा बधत नाहींत; तथापि अनेक वादकांस गवताचाच नाद प्रिय आहे.

म्हणून वडील मंडळींस एवढीच विनंती, कीं वाद्य चिरकलें तर रागें भरण्यापूर्वीं मुलास पट्टी बदलावयास सांगावें. आणि विद्यार्थ्यासहि एक सांगतों. चारहि पट्ट्यांवर तोच स्वर चिरकला, तर दोष गवताचा नव्हे. मग निमूटपणें सरावास बसावें.