पेन्शनरांचा खेळ



वसंत व्याख्यानमालेत सिनेमावर बोलायला उभे राहणे हे आमच्या पिढीच्या माणसाला थोडे जडच जाते. आम्ही पेशाने शिक्षक. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली त्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. अशा माणसाने गीतेवर बोलावे, फार तर ज्ञानेश्वरीवर. परंतु चालकांनी विषय मागितला तेव्हा आम्ही प्रामाणिकपणे विचार केला की, सेवानिवृत्तीनंतर आपण नियमाने केलेली गोष्ट कोणती? पहाटेचे फिरणे पावसाळ्यात मोडते. पोथी चातुर्मासात सुरू होते आणि चातुर्मासातच संपते. टॉकीजात जाणे मात्र अखंड चालू आहे. तेव्हा जे ठाऊक आहे त्यावरच बोलावे, असे ठरवले.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. नोकरीच्या काळात आम्ही सिनेमे पुष्कळ पाहिले, पण एकही पुरता पाहिला नाही. सत्तरीच्या दशकात मास्तर टॉकीजात दिसला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची शोभा होई. म्हणून आम्ही दिवे गेल्यावर आत शिरत असू आणि शेवटची मारामारी निर्णायक अवस्थेला आली की बाहेर पडत असू. १९७५ साली आलेल्या 'शोले'तील गब्बरसिंगाचे पुढे काय झाले, हे आम्हांला एका विद्यार्थ्याच्या निबंधावरून कळले. चित्रपटाच्या आरंभी जी नावे येतात, ती आम्ही सेवानिवृत्तीनंतरच प्रथम वाचली. छायाचित्रण कोणाचे, ध्वनिमुद्रण कोणाचे, हे वाचताना आम्हांला फार संकोच वाटला. इतकी माणसे राबत होती आणि आम्ही त्यांना तीस वर्षे ओळखही दिली नव्हती.

तर आता पेन्शनरांच्या सवयींकडे वळू. बाहेरच्या लोकांची एक समजूत आहे की म्हाताऱ्यांना देवाधर्माचे नाही तर जुने चित्रपट हवे असतात. आमच्या मंडळींत दहाबारा जण आहेत. कोणी शाळेतले, कोणी तहसिलीतले, एक एस.टी.चे कंडक्टर, एक टॉकीजातच ऑपरेटर होते ते. आमचा अनुभव असा की, पेन्शनर चित्रपट निवडतो ती सर्वांत शेवटची गोष्ट. आधी तो वेळ निवडतो, मग सोबत, मग खुर्ची. या तिन्ही जमल्या म्हणजे पडद्यावर काय आहे याबद्दल तो फार उदार असतो.

वेळ म्हणजे दुपारचा बारा-साडेबाराचा पहिला खेळ. नऊ ते बाराचा खेळ आमच्या तरुणपणी खरा खेळ होता. अचलपूर शहरातून परतवाड्याला पायी जायचे, दोन-तीन मैलांची रपेट, आणि परत येताना गाणी म्हणत यायचे. आता रात्रीच्या खेळाला जायचे म्हणजे मुलाला विचारावे लागते, मुलाने गाडी काढावी लागते, सून झोपायची थांबते. कोणी काही बोलत नाही, पण घरभर ते कळते. दुपारच्या खेळाला कोणालाच विचारावे लागत नाही. जेवून निघायचे आणि चहाच्या वेळेला परत. त्यातून आपल्या वऱ्हाडातला वैशाख! बाहेर पारा पंचेचाळिसाकडे धावत असताना टॉकीजातला गारवा हीच तिकिटाची अर्धी किंमत वसूल. आमच्यातले एक गृहस्थ मे महिन्यात कोणताही चित्रपट चांगलाच म्हणतात, आणि जूनमध्ये चिकित्सा सुरू करतात.

खुर्चीचे शास्त्र मोठे आहे. तरुणाला मधली खुर्ची हवी असते, पेन्शनरला कडेची. कारण काय ते समवयस्क श्रोत्यांना सांगायला नको. मध्यंतरापर्यंत थांबवेलच, याची खात्री साठीनंतर कोणी देत नाही. शिवाय अंधार. म्हातारपणी डोळ्याची बाहुली लहान राहते, काळोखात हवी तितकी उघडत नाही. तरुण डोळ्यालाही अंधाराशी पुरती ओळख व्हायला अर्धा तास लागतो. म्हाताऱ्याला त्याहून अधिक लागतो. म्हणून जे आम्ही पूर्वी दिवे गेल्यावर आत जात होतो, ते आता दिवे असतानाच वीस मिनिटे आधी जाऊन बसतो. पूर्वी डोअरकीपर बॅटरीचा झोत पायाशी टाकून खुर्चीपर्यंत पोचवत असे. आता ज्याने त्याने आपापल्या मोबाइलचा दिवा लावायचा, आणि तो नेमका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पडायचा.

आवाजाची तक्रार तर सर्वांचीच आहे, आणि ती विचित्र आहे. 'आवाज फार मोठा' असे म्हणणारा पेन्शनर त्याच दमात विचारतो, 'काय म्हणाला तो?' मुलांना हे ढोंग वाटते. परंतु वयाबरोबर कानातून प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, त अशी व्यंजने पुसट होतात, स्वर तेवढे राहतात. म्हणजे बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, आणि मागचे वाद्य वाजले की ते मात्र छातीवर आदळते. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस जे बोलतात ते आजही आमच्यातल्या बहिऱ्यालाही कळते, याचे कारण केवळ भक्ती नव्हे. तिथे एका वेळी एकच माणूस बोलतो.

ऑपरेटर गृहस्थांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या काळी आपल्या सर्किटच्या पेट्या अमरावती नाही तर भुसावळच्या वितरकांकडून येत. पेटी चुकली म्हणजे खेळ रद्द, आणि लोकांच्या शिव्या ऑपरेटरला. दोन यंत्रे शेजारी शेजारी, कार्बनच्या कांड्यांची ज्योत. एका यंत्रावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका क्षणभर चमके. तो दिसला की दुसरे यंत्र सुरू करायचे, दुसरा ठिपका दिसला की पहिले बंद. प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. आता रिळे गेली, ठिपका गेला. चित्रपट उपग्रहावरून किंवा डिस्कवरून येतो. पण हे गृहस्थ दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीत पुढे सरकून उजव्या कोपऱ्याकडे पाहतात, आणि मग स्वतःशीच हसून मागे टेकतात. त्यांना कोणताही चित्रपट दाखवा, ते तो ठिपकाच पाहायला आलेले असतात.

आमच्या लोकांना एक प्रकार मात्र मुळीच आवडत नाही, तो म्हणजे पेन्शनरांवरचे चित्रपट. हे ऐकून नवल वाटेल. राजा परांजप्यांचा १९५४ चा 'ऊन पाऊस' घ्या. त्यात म्हातारे शिक्षक आणि त्यांची पत्नी यांना मुले वेगवेगळी वाटून घेतात. २००३ च्या 'बागबान'चे सूत्रही तेच. २०१६ च्या आरंभी 'नटसम्राट' आला तेव्हा मुलांनी मोठ्या हौसेने आम्हां सर्वांची तिकिटे काढून दिली. आमच्यातले दोघे मध्यंतरातच उठून गेले. चित्रपट वाईट होता म्हणून नव्हे. एकजण बाहेर चहा पिताना म्हणाले, 'घरचंच पाह्याचं तर तिकीट कायले काढायचं जी?' त्यावर कोणी काही बोलले नाही. त्याच वर्षी पुढे 'सैराट' लागला. तेव्हा हीच मंडळी दुसऱ्यांदा पाहायला गेली. सबंध टॉकीज उभे राहून नाचत होते आणि आम्ही बसून टाळ्या देत होतो. शेवट आला तेव्हा सारे सभागृह एकदम गप्प झाले, ती शांतता आम्ही विसरलो नाही. तीनेकशे माणसांचे एकदम गप्प होणे घरातल्या पेटीवर कसे मिळणार?

घरातल्या पेटीवर आमचा राग नाही. १९८७ साली दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा गल्लीभरचे जोडे आमच्या दारात असत. पण पुढे पेटी घरोघर झाली आणि आता तर प्रत्येकाच्या हातात आली. मार्च २०२० मध्ये टॉकीजे बंद झाली. मधल्या थोड्या महिन्यांचा अपवाद सोडला, तर आपल्या राज्यात ती नीट उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षात मुलांनी आम्हांला मोबाइलवर चित्रपट लावून पाहायला शिकवले. चांगले शिकवले. हवा तेव्हा थांबवता येतो, खाली अक्षरे उमटतात म्हणून न ऐकू आलेले वाचता येते. आमच्या कानांच्या तक्रारीवर हा रामबाण उपाय आहे हे मान्य केलेच पाहिजे. मात्र टॉकीजे उघडली तेव्हा आमच्या बारांपैकी आठच परत आले. दोघे त्या साथीत गेले. उरलेले दोघे धडधाकट आहेत, पण येत नाहीत. 'घरीच दिसते ना,' म्हणतात. आम्ही जाऊन पाहिले तर ते चित्रपटही पाहत नव्हते. दहा मिनिटे पाहायचे, थांबवायचे आणि पडून राहायचे. थांबवण्याची सोय झाली की पुढे जाण्याची गरज उरत नाही.

आता खरा मुद्दा. वर आम्ही दहाबारा जण म्हणालो, त्यांत बाई एकही नाही, हे श्रोत्यांतल्या भगिनींच्या केव्हाच ध्यानात आले असेल. आमच्या ध्यानात यायला चाळीस वर्षे लागली. आमच्या मंडळींनी लग्नानंतरच्या सबंध आयुष्यात टॉकीजात पाहिलेले चित्रपट चार. त्यांतला एक १९७५ चा 'जय संतोषी माँ', शेजारणींबरोबर, लेडीज सीटवर, चपला बाहेर काढून. एक १९९१ चा 'माहेरची साडी'. आम्ही मात्र मित्रांबरोबर नऊ ते बारा, आणि घरी ताट झाकलेले. सेवानिवृत्त झालो तेव्हा आम्ही उदारपणे म्हणालो, आता दोघे मिळून जाऊ. तिने उत्तर दिले, 'आता कायले नेता? गुडघे होते तवा नेलं नाही.'

तरी एकदा ती आली. बाल्कनीच्या पायऱ्या नकोत म्हणून खालचे तिकीट काढले. चित्रपट तिला आवडला, हसली. मध्यंतरात आम्ही चहा आणला तर घेईना. बाटलीतले पाणीही घेईना. घरी परतल्यावर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच तिने तांब्याभर पाणी एका दमात घेतले, तेव्हा आम्ही विचारले. ती सकाळपासून पाणी प्यालीच नव्हती. टॉकीजातल्या बायकांच्या मोरीत दिवा नसतो, कडी नसते, हे तिला ठाऊक होते. साऱ्याच बायकांना ठाऊक असते. सिनेमाला जायचे म्हणजे सकाळपासून कोरडे राहायचे, लग्नाला जातानाही तेच, एस.टी.तही तेच. तिला मधुमेह आहे. आम्ही तीस वर्षे त्या टॉकीजात जात होतो आणि त्या दाराकडे आम्ही एकदाही पाहिले नव्हते.

आमच्या मंडळींपुढे आम्ही हे मांडले तेव्हा आधी सगळे खाली पाहू लागले. मग प्रत्येकाने घरी जाऊन विचारले, आणि आठांच्या घरी उत्तर एकच आले.

आम्ही मालकांकडे गेलो. गृहस्थ समंजस आहेत, पण त्यांचे गणितही ऐकण्यासारखे आहे. दुपारच्या खेळाला वीस माणसे येवोत की दोनशे, यंत्राला आणि गारव्याला लागणारी वीज तीच. नव्या चित्रपटाला दिवसाचे किती खेळ द्यायचे हे वितरक ठरवतो. परगावची उदाहरणे आम्ही दिली. इंग्लंडात काही चित्रगृहे आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांना स्वस्तात देतात आणि वर चहा-बिस्किटे देतात. कोरियातल्या सेऊल शहरात तर २००९ पासून म्हाताऱ्यांसाठी एक वेगळे चित्रगृहच आहे. मालक म्हणाले, 'मास्तर, तिथं म्हातारे घराबाहेर पडतात, इथं कुठं पडतात?' यावर उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला एस.टी. फुकट आहे, २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात आहे. चांदूर बाजाराहूनही माणसे येऊ शकतील. पूर्वी बहिरमच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहायला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत नव्हत्या काय? बाया पण येत. तंबूत अंधार होता, पण बाहेर मोकळे रान होते.

स्वस्त तिकीट त्यांनी दिले नाही. 'पन्नास माणसे आणा, मग बोलू,' म्हणाले. पण पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा बायकांच्या मोरीत दिवा होता, आतून कडी होती आणि एक बादली भरून ठेवली होती. कडी थोडी वर बसवली आहे, बुटक्या बाईचा हात पुरत नाही. ते आम्ही सांगितले आहे.

तेव्हा प्रश्न पन्नास माणसांचा आहे. मंगळवारचा, दुपारचा खेळ. आजवर सदतीस नावे झाली आहेत, त्यांत एकोणीस बायका. पुरुष कमी पडत आहेत, हे आम्ही थोड्या लाजेनेच सांगतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर नाव द्यावे. आमच्याजवळ मात्र देऊ नये. यादी आमच्या घरून आणलेली आहे आणि ती घेऊन पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, ज्या बसल्या आहेत त्यांच्याकडेच द्यावे.