मजुरी आणि मालकी



नळ बसवणारा कारागीर काम संपलं की मजुरी घेतो आणि निघतो. पुढं त्या नळातून आपण किती बादल्या पाणी भरलं, त्यातला वाटा मागायला तो दारात उभा राहत नाही. आजचं हे पुष्प मी ज्या माणसाविषयी गुंफणार आहे, त्यानं १९९२ साली एका पत्रात प्लंबरचाच दाखला दिला होता. पत्र लिहिणारा शिकागोचा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी. ज्याला लिहिलं, तो निर्वाणा हा त्या वेळी जगभर गाजत असलेला रॉक बँड.

निर्वाणाच्या नव्या अल्बमचं ध्वनिमुद्रण अल्बिनीनं करायचं, असं घाटत होतं. अशा कामाला खपावर एक-दीड टक्का रॉयल्टी घ्यायची रीत होती. अल्बिनीनं पत्रातच हिशोब मांडला. तीस लाख प्रती खपल्या तर त्याच्या वाट्याला चार लाख डॉलरच्या आसपास आले असते. ते पैसे त्यानं साफ नाकारले. गाणी बँडची, तेव्हा त्यांची कमाईही बँडची. मला केलेल्या कामाचे दाम द्या, असं त्याचं म्हणणं. त्यानं ठरलेले एक लाख डॉलर घेतले. फेब्रुवारी १९९३मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत साधारण दोन आठवड्यांत ‘इन यूटेरो’ ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

हा ताठपणा आला कुठून? अल्बिनी १९६२ साली कॅलिफोर्नियात जन्मला आणि मोंटानातल्या मिसूला गावात वाढला. किशोरवयात रामोन्स या बँडच्या गाण्यांनी त्याला झपाटलं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तो पत्रकारिता शिकला, आणि तिथंच १९८१च्या सुमारास ‘बिग ब्लॅक’ हा त्याचा बँड उभा राहिला. ड्रमवादक नव्हता, म्हणून ड्रम मशीन आणलं आणि अल्बमवर त्याचंही नाव ‘रोलँड’ असं वादकांच्या रांगेत छापलं. पोटासाठी अल्बिनी छायाचित्रांच्या रिटचिंगची नोकरी करी. मॅनेजर नाही, लेखी करार नाही. कार्यक्रम स्वतः ठरवायचे, खर्चाचा हिशोब स्वतः ठेवायचा. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्याची मुळं या राहणीत आहेत. बड्या कंपन्यांवाचून आपलं संगीत उभं राहू शकतं, हे त्या पिढीनं करून दाखवलं.

ध्वनिमुद्रणातही तो हाच साधेपणा पाळत असे. बँडनं एका खोलीत एकत्र वाजवावं, चांगले मायक्रोफोन विचारानं लावावेत, आणि त्या खोलीत जे घडलं ते टेपवर उतरवावं. पिक्सीज बँडच्या १९८८च्या ‘सर्फर रोझा’ या अल्बमसाठी त्यानं बँडमधल्या किम डीलचा आवाज घुमावा म्हणून तो न्हाणीघरात ध्वनिमुद्रित केला. यंत्रातून कृत्रिम घुमारा काढण्यापेक्षा त्याला भिंतींचा खरा घुमारा हवा होता. अल्बमवर ‘निर्माता’ म्हणून नाव घालायला तो तयार नसे. घालायचंच तर ‘ध्वनिमुद्रण’ एवढंच लिहा, असं सांगे. १९९७ साली त्यानं शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हा स्टुडिओ उभारला. न्यू मेक्सिकोहून आणलेल्या कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, त्याच्या अंगात कामगाराचा बॉयलर सूट. नावाजलेल्या कलावंतांसाठी बसवलेले तेच मायक्रोफोन, तीच मेहनत कुणालाच ठाऊक नसलेल्या पोरांच्या बँडलाही मिळे.

१९९३ साली त्यानं एक लेख लिहिला. बड्या कंपनीशी करार झालेल्या एका काल्पनिक बँडचा जमाखर्च त्यात ओळीनं मांडला आहे. अॅडव्हान्स, वकील, मॅनेजर, व्हिडिओ, गाडीभाडं, सगळं. शेवटी संगीतधंद्याला तीस लाख डॉलरहून जास्त मिळतात, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जेमतेम चार हजार. कलावंतानं सहीआधी बेरीज-वजाबाकी करावी, हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मित्रहो, या माणसाच्या खात्यात खर्चाची बाजूही आहे. तरुणपणी धक्का देण्याच्या हौसेपायी तो फार वाईट लिहीत-बोलत असे. आपल्याच एका बँडला त्यानं दिलेलं नाव उच्चारायलाही नको वाटतं. आपण सुरक्षित होतो, म्हणून त्या शब्दांची झळ आपल्याला लागली नाही, ती इतरांना लागली, हे त्याला उशिरा उमगलं. २०२१ साली त्यानं ते उघडपणे मान्य केलं आणि खेद व्यक्त केला. दुसऱ्याचे हिशोब तपासणाऱ्यानं आपली वहीही लोकांसमोर उघडली, याचं मला मोल वाटतं.

बॉब वेस्टन आणि टॉड ट्रेनर यांच्यासह ‘शेलॅक’ या बँडमध्ये तो तीस वर्षं वाजवत राहिला. ७ मे २०२४ रोजी हृदयविकारानं तो गेला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. शेलॅकचा ‘टू ऑल ट्रेन्स’ हा अल्बम दहा दिवसांनी आला.

आज घरी गेल्यावर ‘सर्फर रोझा’ लावा. ड्रमवर काठी पडते, तिच्या मागोमाग खोली घुमते. वाजवणारे चौघे डोळ्यांपुढं उभे राहतात. ज्यानं हे सारं टेपवर उतरवलं, तो कुठंही मध्ये येत नाही. काम चोख करून, ठरलेली मजुरी घेऊन तो खोलीबाहेर गेलेला असतो.