राऊटरमधील फ्लॅश स्मृती : जुळणी पाहूनच बदल करावा

(बेळगुंदी येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



ग्रामपंचायतीच्या कपाटावर अथवा शाळेच्या भिंतीवर दिवे लुकलुकवीत बसलेली एक लहानशी पेटी आपण नित्य पाहता. तिला राऊटर म्हणतात. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद ही कामे आज तिच्यावाचून अडतात. ही पेटी म्हणजे एक छोटा संगणकच असून तीत पुष्कळदा लिनक्स ही प्रणाली चालते. कंपनीने सुधारित आवृत्त्या देणे थांबविले म्हणजे जाणकार मंडळी ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली तीत बसवितात. जुनी पेटी त्यामुळे पुन्हा कामास येते. तथापि हेच काम जुळणी न पाहता केले, तर पेटी मुकी होते. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात असेच घडले. पेटीवरील नाव पाहिले, आवृत्ती पाहिली नाही. आणि अर्जांच्या अखेरच्या दिवशी लोकांना परत जावे लागले.

नाव एक, अंतरंग निराळे

लिंकसिस कंपनीची ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ ही पेटी २००२ च्या अखेरीस बाजारात आली. तीत लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले आणि लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला मूळ आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला. २००५ मध्ये हिमाचलातील धरमशाला येथे अशाच पेट्यांत फेरफार करून डोंगराळ वस्त्या बिनतारी जाळ्याने जोडण्यात आल्या. परंतु त्याच वर्षी कंपनीने या पेटीच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश स्मृती ४ मेगाबाइटवरून २ मेगाबाइटवर आणली आणि लिनक्सही काढून टाकले. नाव तेच राहिले, अंतरंग बदलले. चौथ्या आवृत्तीसाठी केलेली प्रणाली पाचवीत मावणेच शक्य नव्हते.

पाटीचा स्वभाव

ही फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी शोधून काढली. तिचा स्वभाव शाळेच्या पाटीसारखा आहे. लिहिताना थोडे थोडे लिहिता येते. पुसताना मात्र अख्खा खणच पुसावा लागतो. नॉर जातीच्या स्मृतीत हा खण बहुधा ६४ किलोबाइटचा, तर नँड जातीत पुष्कळदा १२८ किलोबाइटचा असतो. शिवाय खण ठराविक वेळाच पुसता येतो. मग तो झिजतो. म्हणून साध्या संगणकाची फाइल व्यवस्था येथे चालत नाही.

राऊटरमध्ये सामान्यतः दोन व्यवस्था एकत्र नांदतात. स्क्वॅशएफएस ही छापील पुस्तकासारखी असते : दाबून बसविलेली व केवळ वाचावयाची. तिच्यावर जेएफएफएस-२ ही वहीसारखी असते. आपण केलेले बदल तीत नोंदले जातात व झीज सर्व खणांत वाटली जाते. नँड स्मृतीवर २००८ पासून यूबीआयएफएस ही व्यवस्था लिनक्समध्ये उपलब्ध आहे.

बिघाड कोठे होतो?

पहिले कारण खणाचे माप. ६४ किलोबाइटच्या खणांसाठी तयार केलेली प्रत १२८ किलोबाइटच्या खणांवर घातली की सीमा चुकतात.

दुसरे कारण अंकांचा क्रम. काही प्रोसेसर संख्येचा मोठा भाग आधी लिहितात, काही लहान. जेएफएफएस-२ मधील प्रत्येक नोंदीच्या आरंभी १९८५ ही खूण असते. क्रम उलटा असल्यास तीच खूण ८५१९ अशी वाचली जाते, आणि कर्नल ती नोंद ओळखतच नाही.

तिसरे कारण दाबण्याची पद्धत. काही कंपन्यांनी स्क्वॅशएफएसमध्ये स्वतःचे फेरफार केले. ती प्रत मूळ लिनक्सला उलगडत नाही.

चौथे कारण नँडमधील निकामी खण. हे खण कारखान्यातून आलेल्या कोऱ्या स्मृतीतही असू शकतात व त्यांवर तशी खूण केलेली असते. त्यांना वगळून लिहावे लागते. एका पेटीची नक्कल दुसरीत जशीच्या तशी उतरविणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

काय करावे?

प्रथम पेटीच्या तळाशी छापलेली आवृत्ती पाहावी आणि नेमकी तिच्यासाठीच असलेली प्रत घ्यावी. दुसरे, फ्लॅश व कार्यस्मृती किती आहे ते तपासावे. ४ मेगाबाइट फ्लॅश व ३२ मेगाबाइट कार्यस्मृती असलेल्या पेट्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची मालिका होती. तिचा पाठिंबा २०२२ मध्ये संपला. अशी पेटी नव्या कामासाठी निवडू नये. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, स्मृतीच्या एका कप्प्यात त्या पेटीच्या बिनतारी यंत्रणेची मापे साठविलेली असतात. ती प्रत्येक पेटीची स्वतंत्र असतात. तो कप्पा पुसला गेला तर शेजारच्या पेटीतून ती आणता येत नाहीत. सबब बदल करण्यापूर्वीच त्याची प्रत संगणकावर काढून ठेवावी. चौथे, लेखन चालू असताना वीज खंडित होऊ देऊ नये. पावसाळ्यात तर बॅटरीचा आधार असल्याशिवाय या कामास हात घालू नये.

शिक्षकांनी ही माहिती एका वहीत नोंदवून ठेवावी : पेटीचे नाव, आवृत्ती, स्मृतीची जात, बदलाचा दिनांक. पुढे येणाऱ्या माणसास तीच वही वाट दाखवील.

रताळ्याचा वेल लावण्यापूर्वी आपण जमीन पाहता. वेल कितीही चांगला असला, तरी पाणथळ वाफ्यात तो लावीत नाही. प्रणालीचेही तसेच आहे. ती चांगली असणे पुरेसे नाही; ती त्या पेटीस मानवणारी असली पाहिजे. एवढे ध्यानी ठेवले तर गावातील जुनी पेटी भंगारात न जाता आणखी काही वर्षे गावाच्या सेवेत राहील.