दानांत दिलेली मोटार



१९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पॉल युखरिस्त परिषदेसाठीं मुंबईस आले. अमेरिकेंतून भेट आलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनीं जातांना मदर तेरेसांस दिली. मदरांनीं ती स्वतः न वापरतां सोडतींत काढली व तो पैसा शांतिनगरच्या महारोग्यांच्या वसाहतीस लाविला. २०१७ सालीं इटलीच्या लाम्बोर्गिनी कारखान्यानें पोप फ्रान्सिस यांस शर्यतीच्या थाटाची मोटार अर्पण केली. तीही २०१८ सालीं लिलावांत विकली गेली. इराकांतील निनवे प्रांतीं उद्ध्वस्त झालेलीं ख्रिस्ती घरें पुन्हां उभारणें, हा त्या दानाचा एक हेतु होता.

आपणांपाशीं अशा मोटारी नाहींत; परंतु केवळ शोभेसाठीं जपलेली एखादी वस्तु घरोघरीं असतेच. ती कोणाचें औषध वा छप्पर होईल काय, हें आपण घरीं बसून ठरवूं या. प्रभु आपणांस तें बळ देवो.