लागेल तेवढंच उतरवू



"तू नेमकं काय करतेस गं?" असं कालपासून चौघींनी विचारलं. मोबाइलमध्ये जी अँड्रॉइड प्रणाली असते, तिच्या कोडवर मी काम करते. हा कोड 2008 पासून खुला आहे. तो कुणीही फुकट उतरवून वाचू शकतं.

शाळेच्या संगणक कक्षासाठी आपण निधी जमवतोय. मुलांना असा कोड दाखवायचा तर मोठं महागडं यंत्र घ्यावं, अशी एक सूचना आली. त्यामागचं कारण खरं आहे. सगळा कोड उतरवायला 250 जीबी आणि त्यातून प्रणाली तयार करायला आणखी 150 जीबी जागा ठेवा, असं गूगलच सांगतं. आपल्या शाळेतल्या संगणकांना हे झेपणार नाही.

पण शिकणाऱ्याला सगळा कोड लागतच नाही. तो एका ढिगात नसून शेकडो गिट भांडारांत विभागलेला आहे. कोणतं भांडार, कोणती आवृत्ती, कुठे ठेवायचं, याची यादी 'मॅनिफेस्ट' नावाच्या फाइलमध्ये असते. 'रेपो' हे साधन ती यादी वाचतं. नुसतं 'रेपो सिंक' लिहिलं की सगळं येतं. पुढे एका प्रकल्पाचं नाव लिहिलं की तेवढाच येतो. सुरुवातीलाच 'डेप्थ' एक ठेवली, तर वर्षानुवर्षांचा जुना इतिहासही उतरत नाही. एका भांडारातले मोजकेच फोल्डर डिस्कवर मांडायचे असतील, तर 2020 पासून गिटमध्ये 'स्पार्स-चेकआउट' ही आज्ञा आहे.

पहिला धडा मी योजून ठेवलाय. 'फ्रेमवर्क्स-बेस' हा एकच प्रकल्प आणायचा. त्यात 'व्हॅल्यूज-एमआर' नावाचे फोल्डर आहेत. 'एमआर' म्हणजे मराठी. फोनची भाषा मराठी केली की पडद्यावर जी वाक्यं दिसतात, त्यांतली काही तिथे लिहिलेली आहेत. फोनवरचं वाक्य मुलांनी फाइलमध्ये शोधायचं.

याला मर्यादा आहे, तीही सांगते. एवढ्या तुकड्यातून पूर्ण प्रणाली तयार होत नाही, कारण प्रत्येक भाग दुसऱ्या भागांवर अवलंबून असतो. नंतर दुसरा तुकडा आणायचा झाला, तर तो त्याच मॅनिफेस्टमधल्या त्याच आवृत्तीचा हवा. नवा-जुना एकत्र केला तर एक भाग दुसऱ्याला ओळखत नाही. वाचायला आणि समजून घ्यायला मात्र तुकडा पुरेसा आहे.

म्हणून माझी विनंती आहे, मोठं यंत्र नको. आहेत ते संगणक दुरुस्त करू, आणि उरलेल्या पैशातून आठवड्याला दोन तास शिकवणाऱ्याचं मानधन देऊ. पहिले चार शनिवार ऑनलाइन शिकवायला मी येते. पुढचे कोण घेणार, ते जेवणाआधी ठरवू या.