फ्रीव्हीलच्या पोटातली कुत्री
(कर्जत येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, समोर टेबलावर दोन जुनी फ्रीव्हीलं उघडून ठेवली आहेत. बोलणं संपलं की पुढे या आणि त्यातली कुत्री बोटानं दाबून बघा. सायकल दुरुस्त करणाऱ्यांना कुत्रं म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: नखाएवढा पोलादी तुकडा, त्याला मागून उचलून धरणारी बारीक स्प्रिंग. बाहेरच्या कड्याला, जिथे चेन बसते, तिथे दाते असतातच. पण त्याच कड्याच्या आतल्या अंगालाही करवतीसारखे तिरके दाते असतात. पायडल मारलं की कुत्रं त्या दात्यात अडकतं आणि चाक ओढलं जातं. पाय थांबले की तेच कुत्रं दात्यांवरून घसरत जातं. उतारावरची टिकटिक त्याचीच.

1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हाच्या सायकलींना ही सोय नव्हती. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरत राहायचं. पुढे 1902 मध्ये इंग्लंडातल्या व्हिलियर्स कंपनीनं फ्रीव्हील बनवायला घेतलं आणि 1903 मध्ये जर्मनीत टॉर्पेडो हब आला. टॉर्पेडोत कुत्रीच नाहीत. त्यात लहान रूळ आहेत. पायडल मारलं की ते तिरक्या चढावर सरकतात आणि पाचरीसारखे घट्ट बसतात. आवाज नाही, मोकळा फेराही जवळजवळ नाही. रचना देखणी आहे, पण रूळ आणि चढ झिजले की पकड सुटते, आणि खेड्यातल्या दुकानात ते घासून नीट करणार कोण? कुत्रं मात्र स्प्रिंगसकट बदलता येतं.

आता खरी गंमत बघा. बाहेरचे दाते 18 की 20, हे दुकानात सगळे विचारतात. आतले कुणी मोजत नाही. कुत्री दोन, समोरासमोर बसवलेली. आतले दाते समजा 20 आहेत. सम संख्या, म्हणून दोन्ही कुत्री एकाच क्षणी दात्यात पडतात आणि ओढ दोघांत वाटली जाते. मात्र कड्याला एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे 18 अंश, मोकळं फिरावं लागू शकतं. दाते 21 केले की एक कुत्रं अडकतं तेव्हा दुसरं दोन दात्यांच्या मध्यावर असतं. मोकळा फेरा साडेआठ अंशांवर येतो, पाय मारल्याबरोबर चाक धरतं. पण सगळी ओढ एकट्या कुत्र्यावर. एका दात्याचा फरक, आणि यंत्राचा स्वभावच बदलला.

माझं मत स्पष्ट आहे. कॅरिअरवर कडब्याच्या पेंढ्या किंवा दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधून चढ चढणाऱ्या सायकलीला समसंख्येचंच फ्रीव्हील हवं. शर्यतीच्या सायकलीची गोष्ट वेगळी.

आपल्याकडच्या धुळीबद्दल एवढंच सांगतो, कुत्र्यांवर घट्ट ग्रीस भरू नका. स्प्रिंग दुबळी असते. ग्रीसमध्ये धूळ कालवली की कुत्रं दबून बसतं, उठत नाही, आणि पायडल दोन्हीकडे नुसतं फिरतं. लोक म्हणतात फ्रीव्हील गेलं. बऱ्याचदा ते गेलेलं नसतं. रॉकेलनं धुऊन पातळ तेल सोडलं की पुन्हा धरतं. उघडताना एवढं ध्यानात ठेवा की दोन भोकांच्या झाकणाचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सुटतं. खाली परात ठेवा, छर्रे सांडतात, आणि झाकणाखालच्या पातळ चकत्या जपून ठेवा. छर्ऱ्यांची ढिलाई त्यांच्यावरच ठरते.

आज घरी गेल्यावर अडगळीतली सायकल बाहेर काढा. मागचं चाक उचला, पायडल धरून ठेवा, चाक पुढच्या दिशेनं सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि टिकटिक मोजा. वीसच्या आसपास भरली तर कुत्री जोडीनं काम करताहेत, चाळीसच्या आसपास भरली तर पाळीपाळीनं. आकडा कागदावर लिहून उद्या इथे घेऊन या.