जयंती आणि ग्रंथ

(मुलुंड येथे शिक्षक व लगतच्या ठाणे जिल्ह्यातील पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



महापुरुषाच्या जयंतीसाठी शासनाने समिती नेमली, की मिरवणूक, रोषणाई आणि पुतळा एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बाबतीत महाराष्ट्राने याहून टिकाऊ कार्य हाती घेतले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे बरेच लेखन हस्तलिखितातच होते. १९७६ साली शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली. संपादनाचा भार वसंत मून यांनी वाहिला आणि १४ एप्रिल १९७९ रोजी, जयंतीदिनीच, पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे १९९०-९१ चे जन्मशताब्दी वर्ष आले. सोहळे आटोपले, खंडांचे काम मात्र चालू राहिले.

परंतु केवळ समिती नेमल्याने कार्य सिद्धीस जात नाही. छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. वाचक मागत असताना ग्रंथ मिळू नये, ही उणीव कोणताही सोहळा भरून काढू शकत नाही.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या आपल्या उपनगरांतील वस्त्यांत जयंती उत्साहाने साजरी होते. त्या उत्साहाला वाचनाची जोड द्यावयास हवी. अठराव्या खंडात बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. तो आपल्या शाळेत, आपल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे. नसल्यास लेखी मागणी करावी आणि येत्या १४ एप्रिलला विद्यार्थ्यांकडून त्यातील एक भाषण मोठ्याने वाचून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.